टिंबं

जेन्सव्हिलमध्ये फेब्रुवारीत रॉक नदी गोठते
आणि लोकांना ड्रॉवर आवरायची आठवण होते.
मग माझ्या टेबलावर पेनं येतात,
मोज्यात, चष्म्याच्या घरात, सिगारच्या डबीत,
आणि प्रत्येकासोबत एक गोष्ट.
गोष्ट मी ऐकून घेतो. मग भिंग लावतो.

आर्डिथ हाउगेननं आणलं ते रुमालात होतं.
वडलांचं. ते पंचेचाळीसच्या जानेवारीत गेले,
आर्डेन्सच्या बर्फात.
पेन घरी ठेवून गेले होते, हरवेल म्हणून.
आईनं त्याला कधी हात लावला नाही, ती म्हणाली,
आणि कुणाला लावूही दिला नाही.

बघू, म्हटलं.
दिव्याशी धरलं. एकाआड एक चकत्या,
मोत्याची, काचेची, मोत्याची,
आणि काच कोऱ्या चहासारखी झालेली.
दोन्ही टोकांना मणी शाबूत.
बुडाची टोपी फिरवली : दट्ट्या ॲल्युमिनियमचा.
म्हणजे बेचाळीसच्या आतलं.
नंतर ते सगळं विमानांकडे गेलं,
पेनांच्या वाट्याला प्लास्टिक आलं.

मग तिरप्या उजेडात ठसा :
एकचा आकडा, शेजारी एक टिंब.

आमच्या गावात टिंबांचा हिशेब उलटा.
वर्ष उजाडताना आकड्याजवळ तीन टिंबं,
दर तिमाहीला कारखान्यातलं कुणीतरी
ठशावरचं एक घासून टाकायचं.
डिसेंबरात आकडा एकटाच, उघडा.
माझी आत्या डॅग्नी याच कामावर होती.
वर्ष भरत नाही रे, झिजतं, म्हणायची
आणि एप्रनला हात पुसायची.

तेव्हा : एक्केचाळीस, जुलै ते सप्टेंबर.
त्याच ऑगस्टात त्यांचं लग्न, आर्डिथ म्हणाली.
गोष्ट आणि पेन एकमेकांना धरून होते.
इथं थांबलो असतो तरी चाललं असतं.

पण निब उतरवल्याशिवाय मी किंमत सांगत नाही.
हेअर ड्रायरची ऊब दिली, कापराचा वास सुटला,
गळ्याशी आटे सैल झाले.
निबेच्या मुळाशी,
जिथं लिहिणाऱ्याचं लक्ष कधीच जात नाही,
सात.

सदतीसची असती तर अर्धी रुपेरी असती.
ही आख्खी पिवळी.
सत्तेचाळीस.

भिंग पुन्हा लावलं.
टोकाचा दाणा एकाच बाजूनं उतरलेला,
चपलेची टाच उतरते तसा.
वडील डावखुरे होते का, विचारलं.
छे. आई.

मग बराच वेळ हीटर तेवढा कण्हत राहिला.

वाणसामानाच्या याद्या लिहून दाणा असा बसत नाही.
त्याला वर्षं लागतात, पानंच्या पानं लागतात.
हे मी बोललो नाही. नळी धुवायला घेतली.
पाणी निळं येईल वाटलं होतं,
आलं हिरवं,
आणि धुतलं तरी येतच राहिलं.
हिरव्या शाईचं एक अक्षर आमच्या घरात नाही,
आर्डिथ म्हणाली. मला नाही, बेसिनला.

कार्डावर लिहिलं :
नळी १९४१, तिसरी तिमाही.
निब १९४७. मूळची नाही.
आतलं रबर कडक. शाई भरत नाही, बुडवून चालेल.
मूळची नाही म्हटलं की बाजारात निम्मे पैसे,
तेही सांगून टाकलं.
विकतंय कोण, ती म्हणाली.

माझ्या दौतीत बुडवून
तिनं माझ्या वहीवर एक रेघ ओढली.
खरखरली. कागद ओरबाडला.
मग तिनं दाराकडे पाहिलं,
कुणी येतंय का बघावं तसं,
आणि पेन
डाव्या हातात घेतलं.